आईच्या तक्त्यावरच्या खुणा

७ जानेवारी

बारके,

वर ‘चिरंजीव’ लिहावं तर तू शेहेचाळीस वर्षांची. ‘प्रिय’ लिहावं तर म्हणशील, आता आठवण झाली का! म्हणून नुसतंच बारके. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मीच हात धुऊन तिच्या मागे लागले होते. तुझा फोन नंबरही आहे माझ्याकडे. पण तू उचलला नाहीस तर वाईट वाटेल आणि उचललास तर काय बोलावं ते सुचणार नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू दोन दिवस आलीस, त्या दोन दिवसांत आपण ‘पाणी देऊ?’ आणि ‘नको’ याच्या पलीकडे काही बोललो नाही. तेव्हा पत्रच बरं.

काम असं आहे की माझा गुडघा बिघडलाय.

नोकरी तीच, औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात. अजूनही इंजेक्शनच्या बाटल्या एकेक करून दिव्यासमोर धरते, आधी काळ्या पडद्यावर, मग पांढऱ्या. आत कण तरंगताना दिसला की बाटली बाद. सत्तावीस वर्षांत माझ्या नजरेतून खराब बाटली पुढे गेलेली नाही. पोरी पाठीमागे मला ‘भिंग’ म्हणतात. मला ते नाव आवडतं, पण तसं दाखवत नाही.

तर आठ तास उंच स्टुलावर बसायचं आणि उठताना गुडघ्यातून असा आवाज यायचा की शेजारची वळून बघायची. जिन्यात मी मध्येच थांबते आणि फोन बघायचं नाटक करते. शेवटी डॉक्टरकडे गेले. झीज आहे म्हणाला. ऑपरेशनची वेळ आलेली नाही, गोळ्या लागतील तेवढ्याच, आराम तर मुळीच नको. व्यायाम करायचा. आठवड्यातून दोनदा वर्गाला जायचं आणि बाकीचे दिवस घरी. मी म्हटलं, झिजलेली वस्तू वापरली तर आणखी झिजेल ना? तर म्हणाला, बाई, गुडघा म्हणजे चप्पल नव्हे.

तू हे शिकलेली आहेस म्हणून विचारते. आता तू विमा कंपनीत आहेस हे मावशीने सांगितलं, पण शिकलेलं कुठे जातं? याचा खरंच उपयोग होतो का? एवढंच कळव. दोन ओळी पुरेत.

ताई

२१ जानेवारी

बारके,

उत्तर आलं नाही. टपाल हल्ली उशिरा येतं म्हणतात.

मी वर्गाला जायला लागले. एक लांबट खोली, भिंतीला टेकून आठ खुर्च्या, कोपऱ्यात टॉवेलांच्या गुंडाळ्या आणि एक लाकडी पायरी. शिकवणाऱ्या मॅडम तुझ्याच वयाच्या असतील. हातांची पकड घट्ट आणि तोंडात साखर अजिबात नाही. माझ्या शेजारी एक बसड्रायव्हर असतो. एवढी मोठी गाडी चालवणारा माणूस, खुर्चीतून उठताना मात्र ‘आई गं’ म्हणतो. पहिल्या दिवशी मला हसू आलं. मग माझी पाळी आली. हात छातीशी घ्यायचे आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उभं राहायचं, दहा वेळा. बारके, मी तिसऱ्या वेळेला धपकन खाली बसले. ड्रायव्हर हसला नाही. तो माझ्यापेक्षा बरा माणूस आहे.

मॅडमनी सांगितलं की थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. शून्य ते दहात किती दुखतंय ते आपणच सांगायचं. पाचच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळत असेल, तर ते दुखणं चालतं. पाय वापरला नाही तर मांडीचे स्नायू सुकतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. हे ऐकताना मी खाली बघत होते. हेच वाक्य मी आधी आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून तुझ्या तोंडून ऐकलेलं आहे, तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस आणि नवी नवी व्यायामोपचाराच्या नोकरीला लागली होतीस.

मग मॅडमनी प्रत्येकाला तक्ता दिला. आडवे दिवस, उभे व्यायाम, केला की चौकटीत बरोबरची खूण करायची. छापील आहे. आईच्या गुडघ्यासाठी तू केलेला आलेखाच्या कागदावर होता, हाताने आखलेला. प्रत्येक व्यायामापुढे तू आईचं काडीचं चित्र काढलं होतंस, अंबाड्यासकट. आई म्हणाली होती, माझा अंबाडा एवढा मोठा नाही गं.

मॅडमनी विचारलं, घरी मोजायला कोणी आहे का? कोणीतरी मोजलं की माणूस टाळत नाही म्हणे. मी म्हटलं, आहे, माझी बहीण मोजते.

का म्हटलं कुणास ठाऊक. घरी येऊन व्यायाम केला आणि मोठ्याने आकडे म्हटले. रिकाम्या घरात स्वतःचा आवाज परका वाटतो, म्हणून सहानंतर मनातच मोजले.

ताई

१० फेब्रुवारी

बारके,

तुझ्या उत्तराची अपेक्षा नव्हती. म्हणजे होती. रोज कामावरून आल्यावर आधी पत्रपेटी बघते, मग चपला काढते.

आज वर्गात जे झालं ते सांगते. ड्रायव्हरचा तक्ता एकदम भरलेला, एकही चौकट रिकामी नाही. आणि मॅडमनी खुर्चीवरून उठायला सांगितलं तर गडी पहिल्या दिवसासारखाच. मॅडमनी एकदा तक्त्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या मांडीकडे. मग विचारलं, खुणा कोण करतं? तो लगेच कबूल झाला. बायको करते म्हणाला. मला दुखतं ते तिला बघवत नाही. ती म्हणते, तुम्ही पडा, मी खूण करून टाकते.

सगळे हसले. मी मात्र माझा तक्ता उलटा करून मांडीवर ठेवला.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि हळू आवाजात बोलल्या, पण मी लागूनच होते. म्हणाल्या, “तुम्ही व्यायाम केला नाही असं कळलं तर मी तो सोपा करून देईन, निम्मा करीन, दुसरा शोधीन. पण केला आणि फरक पडला नाही असं कळलं तर मी काय समजायचं? माझा उपचारच चुकला असं समजणार ना मी!”

ड्रायव्हर म्हणाला, “चुकलं मॅडम.” दोन शब्दांत मोकळा झाला.

मला पुढचे व्यायाम जमले नाहीत. चक्कर येतेय असं सांगून लवकर निघाले. तुला काहीतरी सांगायचं आहे पण गॅसवर चहा ठेवलाय, तो उतू जाईल.

ताई

१२ फेब्रुवारी

बारके,

चहा वगैरे काही नव्हता. आता एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर राहून जाईल.

आईच्या तक्त्यावरच्या खुणा खोट्या होत्या.

तू रविवारी यायचीस, तेव्हा आई तुझ्यासमोर व्यायाम करायची. सोमवार ते शनिवार तिच्याकडून करून घ्यायचं काम तू माझ्यावर सोपवलं होतंस. पहिले दोन दिवस मी करून घेतले. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली, दाबा, पाच मोजा, सोडा. तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “नको गं, आजच्या दिवस राहू दे,” म्हणाली. मी राहू दिलं आणि खूण केली. नाहीतर तू रविवारी तिलाच बोलली असतीस. चौथ्या दिवशी तिने पाय पुढेच केला नाही. मी पुन्हा खूण केली. मग तो आमचा रिवाजच झाला. संध्याकाळी मी पेन घ्यायचे आणि आई हसून म्हणायची, झाला बाई माझा व्यायाम. चार महिने, बारके. वेगवेगळ्या पेनांनी, कधी तिरकी, कधी सरळ, खरी वाटावी म्हणून. खोट पकडायचं काम करते ना मी, खोटं कसं पकडतात ते मला माहीत होतं.

तू दर रविवारी फीत घेऊन तिची मांडी मोजायचीस. मांडी बारीकच होत चाललेली. तू पुन्हा मोजायचीस, वहीत बघायचीस, कपाळाला आठ्या. एकदा तू मला विचारलंस, “ताई, ती नीट करते ना गं?” मी म्हटलं, “रोज.” तू माझ्यावर विश्वास ठेवलास. मग तू तो तक्ता तुझ्या वरिष्ठांना दाखवलास आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले की इतकं नियमित करूनही उपयोग नाही म्हणजे शिकवणारीला समज नाही. हे तूच घरी येऊन सांगितलंस. तू रडत होतीस. मी तुझ्यासमोर बसून शेंगा सोलत होते. तेव्हा बोलायला हवं होतं.

उलट पुढच्या रविवारी मीच तुझ्यावर ओरडले. आईला छळतेस म्हणाले. तुझ्या हाताला गुणच नाही म्हणाले. बाकी सगळं भांडण मी विसरले असते, पण ते वाक्य विसरता येत नाही, कारण ते बोलताना तक्ता माझ्या मागे भिंतीवर लटकत होता. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. वर्षभराने कळलं की ते कामच सोडलंस. मावशी म्हणाली, तिला त्यात रस नव्हता. मी मान डोलावली.

आई त्यानंतर अठरा वर्षं जगली. आधी घरातल्या घरात, मग खुर्चीत, मग पलंगावर. तुझा उपचार चुकला नव्हता. तो झालाच नव्हता.

आज वर्गात मॅडमनाही सांगितलं की माझ्या घरी मोजायला कोणी नाही. त्या बरं म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.

ताई

१५ मार्च

बारके,

महिना झाला. तू पत्र फाडलं असशील किंवा न उघडता ठेवलं असशील. दोन्ही तुझ्या हक्काचं आहे. मावशीला विचारलं, ती म्हणाली बरी आहे, बाकी काही बोलत नाही.

मला फरक पडलाय. गुडघा नवा झालेला नाही, आवाज अजून येतो, पण सहाचं दुखणं तीनवर आलंय. खुर्चीतून हात न टेकता बारा वेळा उठते. काल पुलापर्यंत चालत गेले आणि परत आले. तिथे बाकावर बसून सांगावंसं वाटलं कोणालातरी, पण शेजारी एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते, त्यांना काय सांगणार! ड्रायव्हरला सांगितलं आज. त्याने टाळी दिली. आता तो स्वतः खुणा करतो, अर्ध्या चौकटी रिकाम्या असतात.

पण मला बरं वाटायला लागलं तसं एक गोष्ट टाळता येईना. मागच्या पत्रात मी तुला सांगितलं ते खरं होतं पण पुरतं नव्हतं. त्यात मी दयाळू दिसते. आईचं दुखणं बघवलं नाही म्हणून सूट देणारी मुलगी. ते पहिल्या महिन्यापुरतं खरं आहे.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस मी कामावरून आले तर आई टॉवेलची गुंडाळी स्वतः करून बसली होती. म्हणाली, “आज करू या का गं? बारकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जिने चढता आले की ती म्हणते माझ्याकडे राहायला ये.” तिने साडी नीट खोचली होती. पाय पुढे केला होता.

मी म्हटलं, “राहू दे आई, उगाच दुखेल.”

तिला वाटलं मी दमलेय. म्हणाली बरं. मी खूण केली. त्या आठवड्यात तिने आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळेला मी काहीतरी कारण काढलं, एकदा भांडी, एकदा डोकं. मग ती विचारायची थांबली.

मला तेव्हा कळत होतं मी काय करतेय. तू घरातून गेलीसच होतीस. तुझं सगळं पुढे होतं, नोकरी, खोली, मैत्रिणी. माझ्याकडे आई होती आणि बाटल्या होत्या. ती चालायला लागली की तुझ्याकडे जाईल आणि मी कामावरून आल्यावर कुलूप उघडून आत येईन, एवढंच मला दिसत होतं. त्या कुलपाला मी घाबरले, बारके. म्हणून तिला खुर्चीत ठेवलं. तिची सेवा केली म्हणून मावशी, शेजारी, सगळे माझं नाव घेतात. मीही कधी कुणाला अडवलं नाही. तिचे पाय चेपायचे मी रोज, मनापासून चेपायचे, तेही खोटं नव्हतं. पण तिला उठू दिलं नाही ते मीच.

आता चार वर्षं रोज कुलूप उघडून आत येते. तेव्हा घाबरले होते तसंच आहे ते, कमी नाही की जास्त नाही. आईला मात्र अठरा वर्षं एकाच खिडकीतून बाहेर बघावं लागलं.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगून माझं मन हलकं होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, उलट रोज तिचा तो पुढे केलेला पाय दिसतो. पण तुझ्या हाताला गुण होता, हे तुला कळायलाच हवं. बावीस वर्षं उशिरा का होईना.

यापुढे लिहून तुला त्रास देणार नाही.

ताई

९ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आलं. तुझ्या कंपनीचा लिफाफा, वर तुझं अक्षर. अजून तसंच आहे, ‘र’ला शेपूट लांब. पत्रपेटीपाशीच उभी राहून वाचलं. शेजारच्या बाई विचारत होत्या, सगळं ठीक ना? मी हो म्हटलं आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

आधी तुझंच पत्र पुन्हा इथे उतरवते, म्हणजे मी ते पुरतं वाचलं हे तुला कळेल. तू लिहिलंस:

“ताई, सगळी पत्रं वाचली. शेवटचं अर्धं वाचून ठेवून दिलं होतं, आठ दिवसांनी पुरं केलं. मी बावीस वर्षं स्वतःला नालायक समजत आले. कुणाचा गुडघा दुखतो म्हटलं की मी खोलीतून उठून जाते. आता कळलं की आईला उठायचं होतं. हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटतं. मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही माहीत नाही. एवढ्यात इकडे यायचं मनात आणू नकोस, मला जमणार नाही. मॅडमनी व्यायाम कुठले दिलेत ते एवढ्या पत्रांत तू नीट सांगितलं नाहीस. कोणता गुडघा? चढताना दुखतो की उतरताना?”

माफीबद्दल मी काही लिहीत नाही. ती मागायचं तोंड मला नाही आणि मी येणारही नाही. तू नालायक नव्हतीस एवढं मात्र पुन्हा लिहिते, लागेल तितक्या वेळा लिहीन.

शेवटचा प्रश्न मी कितीदा वाचला ते मोजलं नाही. मावशी म्हणाली होती तुला त्यात रस नव्हता. मावशीला काय कळतंय!

डावा. उतरताना.

ताई